पुण्याला गेल्यावर साखर का वाढते?

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक जुन्या ओळखीच्या बाई आल्या. वय अठ्ठावन्न. मधुमेह दहा वर्षांपासून, पण गोळ्या वेळेवर, पथ्य कडक आणि साखर कायम आटोक्यात. अशा रोग्याकडे डॉक्टर जरा कौतुकानेच पाहतो. या खेपेला मात्र प्रयोगशाळेचा कागद पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तीन महिन्यांची सरासरी साखर सातावरून नऊच्या घरात गेलेली. वजन चार किलोने वर, रक्तदाबही चढलेला, गुडघे सुजलेले.

“ताई, फराळ जरा जास्त झाला का यंदा?” मी विचारले.

“डॉक्टरसाहेब, शपथ घेऊन सांगते, लाडवाला हात लावला नाही. यांना विचारा पाहिजे तर.”

यजमानांनी मान डोलावली. मग हळूहळू हकीकत बाहेर आली. मुलगा आणि सून दोघेही पुण्याला संगणकाच्या कंपन्यांत. नातू लहान, त्याला सांभाळायला या आठ महिने तिकडेच होत्या. फ्लॅट आठव्या मजल्यावर, महापालिकेत २०२१ साली जी २३ गावे नव्याने घेतली त्यांपैकी एका गावात. घर प्रशस्त, लिफ्ट आहे, खाली पोहण्याचा तलावसुद्धा आहे. “पण फाटकाबाहेर पाऊल ठेवले की पाण्याचा टँकर अंगावर येतो. फूटपाथ नाही. बस कधी येते ते कुणाला ठाऊक नाही. मग खाली उतरून करू काय?”

इथे नगरला असताना बाई सकाळी माळीवाड्यात विशाल गणपतीला पायी जात, येताना चितळे रस्त्यावरून भाजी घेत आणि संध्याकाळी नणंदेकडे चक्कर टाकत. ‘व्यायाम’ हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारला नसेल, पण दिवसाकाठी तीन-साडेतीन किलोमीटर चालणे बिनबोभाट होत होते. पुण्याला ते थांबले. मी गोळी वाढवून दिली खरी, पण गोळीत काही कमी पडले नव्हते हे मलाही कळत होते.

तुम्ही म्हणाल, आरोग्याच्या सदरात बस आणि फूटपाथचे काय काम? काम आहे. आपण चालतो तेव्हा मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटे चाललेल्या माणसाची साखर बसून राहिलेल्यापेक्षा कमी चढते, ती यामुळेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मीही गेली चाळीस वर्षे हेच लिहून देतो. रोगी ‘हो’ म्हणतात आणि करीत नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नोकरी, मुले, स्वयंपाक यांतून निव्वळ चालण्यासाठी वेगळी वेळ काढणे सर्वांना जमत नाही.

बसने जाणाऱ्याला मात्र ती वेगळी काढावी लागत नाही. घरापासून थांबा दहा मिनिटांवर, उतरल्यावर कचेरी दहा मिनिटांवर, परतताना तेच. दिवसाचे चाळीस मिनिटे, पाच दिवसांचे दोनशे. डॉक्टरने सांगितलेला कोटा भरून वर पन्नास मिनिटे शिल्लक. दुचाकीवाला जिन्यातून उतरतो आणि गाडीवर बसतो. त्याच्या खात्यात दिवसाला दोनशे पावलेही जमा होत नाहीत. मोटारवाल्याचे विचारूच नका.

मी पुण्याला ससूनच्या आवारातील वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो तेव्हा ते सायकलींचे शहर होते. वसतिगृहातली निम्मी मुले सायकलवर आणि उरलेली पीएमटीच्या लाल बसमध्ये लोंबकळत. तेव्हाचे सगळे छान होते असे मी म्हणणार नाही. बस गच्च भरलेली असे आणि पावसात छतातून गळत असे. पण शहर आटोपशीर होते. पुढे ते वाढत गेले. २००१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती, ती २०११ मध्ये ३१ लाखांवर गेली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडचे १७ लाख वेगळे. शहर वाढले यात वावगे काही नाही, आपलीच मुले तिकडे गेली आहेत. वावगे हे की घरे आधी झाली, रस्ते नंतर झाले आणि बस सर्वांत शेवटी आली किंवा आलीच नाही. मग माणसाने दुचाकी घ्यायची नाही तर काय करायचे? २०१८ साली परिवहन कार्यालयाच्या नोंदीत पुण्यातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे तिथल्या माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या.

बसचा हिशेब पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड अशा दोन्ही शहरांच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल ही एकच कंपनी झाली. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याने चांगल्या सेवेचे जे माप ठरवले आहे, ते दर हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला साठ. २०११ चीच लोकसंख्या धरली तरी दोन्ही शहरांना मिळून २,९०० बस लागतात. गेली कित्येक वर्षे हा आकडा दोन हजारांच्या आसपासच घुटमळतो आहे आणि माणसे मात्र २०११ नंतरही येतच राहिली. रोग्याला लागतात तीन गोळ्या आणि आपण देतो दोन, त्याही वेळेवर नाहीत. गुण येईल कसा?

बाईंचा मुलगाही पुढे एकदा मला दाखवायला आला. वय बत्तीस. कचेरी अठरा किलोमीटरवर. जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर दुचाकीवर, खड्डे आणि गतिरोधक धरून. कंबर धरलेली, मानेपासून हातात मुंग्या. मणक्याचे फोटो काढले, औषध दिले, व्यायाम शिकवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा त्याच गाडीवर बसणार हे त्यालाही माहीत होते आणि मलाही. आणि कंबरदुखी ही त्यातली किरकोळ बाब म्हणायची. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारे होते. बसमध्ये बसलेल्यांचा वाटा या मानाने अगदी थोडा. हेल्मेट घाला हे मी सांगतोच, पुण्यात त्यावरून कितीही वाद झाले असले तरी सांगतो. पण ज्या तरुणाला बस मिळाली असती तर दुचाकी काढावीच लागली नसती, त्याला नुसते हेल्मेट देऊन आपली जबाबदारी संपत नाही.

त्यात हवेची भर. इंजिनाच्या धुरातले आणि रस्त्यावरच्या धुळीतले अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या पार तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात आणि दम्याबरोबर हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवतात. या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराचे तोंड पुढच्या वाहनाच्या धुराशीच असते. त्याच्या शेजारी उभ्या बसमध्ये पन्नास माणसे असतात, म्हणजे तेवढ्या दुचाक्या घरी राहिल्या. पुण्यात २०१९ पासून विजेवरच्या बसही धावतात, त्यांना तर धूरच नाही.

आता एक विषय, ज्याबद्दल बायका डॉक्टरशीही मोकळेपणाने बोलत नाहीत. लांबच्या बसप्रवासाला निघणाऱ्या किती तरी स्त्रिया सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण उतरल्यावर स्वच्छतागृह सापडेल की नाही याची खात्री नसते आणि सापडले तर आत पाय ठेवण्याजोगे असेल याची त्याहून नसते. लघवी तासन्तास दाबून धरायची आणि पाणी तोडायचे, याचा परिणाम म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, आणि पाणी कायमच कमी पडले तर मुतखडा. माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत रोज ये-जा करणाऱ्या शिक्षिका आणि परिचारिका पुष्कळ असतात. एकीला मी म्हटले, “दिवसाला आठ-दहा पेले पाणी प्यायला हवे.” ती म्हणाली, “पिते डॉक्टर, पण जायचे कुठे ते तुम्ही सांगा.” मला सांगता आले नाही. कोट्यवधींच्या योजनांच्या आराखड्यांत थांब्याजवळच्या मुतारीला चौकोन किती मिळतो, हे कोणी तरी एकदा मोजावे.

तशीच पायरी. जुन्या पद्धतीच्या बसची आतली जमीन रस्त्यापासून ९०० मिलिमीटरवर असते, जवळजवळ कमरेएवढी. सखल जमिनीच्या बसमध्ये हेच अंतर ४०० मिलिमीटर. गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला या फरकाचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यात चालक गाडी थांब्याला न लावता रस्त्याच्या मध्येच उभी करतो, म्हणजे थांब्याच्या ओट्याचा आधारही जातो. बसायला जागा मिळेना म्हणून बस सोडलेले रोगी मला माहीत आहेत. पण चढताच येईना म्हणून सोडलेले अधिक आहेत.

आता उपायांबद्दल. पुण्यात मेट्रो आली, मार्च २०२२ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोचली. मी तिच्यातून दोन-तीनदा गेलो. गार, स्वच्छ, वेळेवर, मला आवडली. परंतु मेट्रोचे दोन मार्ग मिळून सुमारे ३३ किलोमीटर. बाईंच्या इमारतीपासून सर्वांत जवळचे स्थानक नऊ किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत नेणारी बस नसेल तर मुलगा दुचाकीच काढणार, आणि एकदा काढली की स्थानकावर ठेवण्यापेक्षा थेट कचेरीत नेणार. म्हणून मेट्रो की बस हा वादच मला पोकळ वाटतो.

उड्डाणपूल आणि रस्तारुंदी यांबद्दल माझे मत जरा कडू आहे. क्षयाच्या रोग्याला नुसते खोकल्याचे औषध दिले तर दोन रात्री झोप लागते आणि आत रोग वाढत राहतो. रुंद केलेला रस्ता असाच दोन-चार वर्षे मोकळा वाटतो, मग तो नव्या गाड्यांनी भरतो. शिवाय रुंदी घेताना पहिली कात्री फूटपाथला लागते. बससाठी वेगळी मार्गिका राखण्याचा प्रयोग देशात प्रथम पुण्यानेच डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर केला. घाईत केला, अर्धवट केला. मधल्या थांब्यावर जायला रस्ता ओलांडताना म्हाताऱ्यांचे हाल झाले, हे खरे. २०१५ मध्ये नव्या मार्गांवर तो बऱ्यापैकी सुधारला. पण आपण नगरची माणसे ज्या रस्त्याने पुण्यात शिरतो, त्या नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा मोठा भाग २०२३-२४ मध्ये काढून टाकण्यात आला. मोटारींना जागा हवी होती. औषधाचा डोस चुकला तर डोस सुधारायचा असतो, बाटली फोडायची नसते.

तरी पुण्याने चांगलेही केले आहे. जंगली महाराज रस्त्याचे रुंद फूटपाथ पाहा, म्हातारी माणसे तिथे बाकावर निवांत बसलेली दिसतात. डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद करून पादचारी दिन केला, तेव्हा दुकानदारांनी आधी कुरकुर केली होती. तो दिवस पाहिलेले माझे एक वर्गमित्र सांगत होते, “अरे, रस्त्यावर माणसांचा आवाज ऐकू आला.”

हे सगळे मी पुण्याचे सांगतो आहे, पण डोळ्यांसमोर आपले गाव आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली याचा आपल्याला अभिमान आहे, आणि गावातल्या गावात मात्र शहर बस सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. सावेडी, केडगाव, नागापूर भराभर वाढत आहेत. उड्डाणपूल २०२२ मध्ये झाला, लांबच्या ट्रकांचे ओझे वरून गेले, चांगले झाले. खाली चालणाऱ्याचे काय? सावेडीत नवी इमारत उभी राहते तेव्हा आपण विचारतो पार्किंग आहे का, नळाला पाणी किती येते. थांबा किती लांब, हे मी अजून कोणाला विचारताना ऐकले नाही. फ्लॅट घेणाऱ्याने ते विचारावे, नगरसेवकाकडे जाणाऱ्याने अर्जात लिहावे. पुण्याला ही गोष्ट नंतर करायला किती महाग पडते आहे ते दिसतेच आहे. आपल्याकडे अजून मोकळी जागा आहे.

बाई परवा तपासणीला आल्या होत्या. त्यांच्या संकुलातल्या चाळीस-पन्नास कुटुंबांनी सह्यांचा अर्ज दिला, चार-पाच खेटे घातले आणि आता दर पाऊण तासाने एक बस फाटकाजवळ येते. त्या नातवाला घेऊन तीन थांबे पलीकडच्या बागेत जातात, तिथे फेऱ्या मारतात आणि येताना एक थांबा आधी उतरून भाजी घेतात. साखर आठावर आली आहे. गुडघ्याची तक्रार तशीच आहे, बसची पहिली पायरी फार उंच आहे म्हणाल्या. गोळी तूर्त तीच ठेवली आहे.