सुजेचे मुद्दल आणि व्याज

काही आजार माणसाला अंथरुणाला खिळवतात, काही नुसते घरात बसवतात. हत्तीरोग हा दुसऱ्या जातीचा. पाय सुजतो, जड होतो, कातडी जाड होते. आणि माणूस हळूहळू लग्नकार्याला, देवळात, बाजारात जाईनासा होतो. बायका तर वर्षानुवर्षे तो पाय लुगड्याखाली झाकून कामे उपसतात.

कोल्हापुरात बसून आपण म्हणतो, हे दुखणे तिकडचे, गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याचे. विदर्भात ते फार आहे, हे खरेच. घाण, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास त्याचे जंतू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या अंगात पोचवतो. पण शरीरातला लसिकाद्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांची वाट कशानेही अडली, तरी सूज येतेच. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर किंवा तिथे किरणोपचार झाल्यावर काही स्त्रियांचा हात असाच सुजतो. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. बांगडी घट्ट होऊ लागणे, ही एक साधी खूण. तेव्हा हे दुखणे आपल्या गल्लीतलेही आहे.

“ही सूज पूर्ण जाणार नाही,” असे डॉक्टर सांगतात. घरच्यांना ऐकू येते, “आता करण्यासारखे काही नाही.” ही दोन वाक्ये एक नव्हेत. बँकेत आम्ही खातेदाराला सांगत असू, मुद्दल फिटत नसेल तर निदान व्याज तुंबू देऊ नका. सुजेचेही तसेच आहे.

हे व्याज चढते कुठून? बोटांच्या बेचक्यांतून. तिथे चिखल्या होतात, भेगा पडतात, त्यातून जंतू शिरतात. मग थंडी-ताप, लाली, ठणका. आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज आणखी वाढते. म्हणून पाय रोज साबणाने हलक्या हाताने धुवावा, बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात, चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. बसता-झोपताना पाय उंचावर ठेवावा, घोटा फिरवावा. स्नायू हलले की द्रव पुढे सरकतो. पट्टी बांधणे जाणकाराकडून शिकून घ्यावे. कोल्हापुरीचा आपल्याला कितीही अभिमान असला, तरी काचणारी चप्पल या पायाला नको. सुजऱ्या हाताला विळीचा काप आणि तव्याचा चटका यांपासून जपावे. ताप-लाली दिसली, तर पट्टी आणि व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

सांगायला हे सोपे आहे. पण जड पायाच्या म्हातारीला स्वतःच्या बोटांपर्यंत वाकता येत नाही. बादली कोण आणून देणार, बेचक्या कोण पुसणार? सासूबाई संकोचाने सांगत नाहीत, सून संकोचाने विचारत नाही, मुलगा पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. रोजची दहा-पंधरा मिनिटे घराने वाटून घेतली, तर पुष्कळसे व्याज तिथेच थांबेल.

सरकारी बाजूने प्रयत्न आहेत. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात तीन औषधांच्या एकत्रित गोळ्या देण्यास सुरुवात झाली. २०२७ पर्यंत हत्तीरोग हटवण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. “मला काही झालेले नाही,” म्हणून या गोळ्या टाळू नयेत. जंतू वर्षानुवर्षे गुपचूप राहतात. मात्र या गोळ्या प्रसार थांबवतात, जुनी सूज उतरवत नाहीत. गोळ्यांच्या मोजदादीत, आधीच सुजलेल्या पायांना टब, साबण, मलम आणि ते वापरायला शिकवणारी परिचारिका मिळाली का, हेही दरवर्षी मोजले गेले पाहिजे.