पाणी बदलावे, पण सगळे नको



गेल्या आठवड्यात एका ताईंचे पत्र आले. त्यांच्या मुलाने करडू वाढवून विकले. त्या पैशांतून तालुक्याच्या बाजारातून काचेची पेटी आणि आठ गप्पी मासे आणले. पेटी शेवाळलेली दिसली, म्हणून मुलगा शाळेत गेल्यावर ताईंनी मासे पातेल्यात काढले, काच आणि गोटे धुण्याच्या पावडरीने घासले आणि नळाचे ताजे पाणी भरले. संध्याकाळपर्यंत सहा मासे उलटे तरंगू लागले. ‘पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी तर चांगलंच करायला गेले होते. माझं काय चुकलं?’ असे ताई विचारतात.

ताई, तुमच्या मायेत खोट नव्हती. भांडी लखलखीत ठेवणाऱ्या हाताला जे योग्य वाटते, तेच तुम्ही केलेत. पण माशाचे घर भांड्यासारखे नसते.

आधी पाण्याचे पाहू. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. तिच्यातल्या क्लोरीनने रोगजंतू मरतात. पटकी आणि हगवणीसारख्या रोगांपासून आपले रक्षण होते. म्हणून पावडर कमी टाका, असे कोणी पंचायतीला सांगायला जाऊ नये. परंतु मासा त्या पाण्यातच श्वास घेतो. क्लोरीनने त्याचे नाजूक कल्ले भाजतात आणि तो गुदमरतो.

यावर उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी बादलीत किंवा पसरट टोपात पाणी काढावे आणि चोवीस तास उघडे ठेवावे. क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात पावडर जास्त पडते आणि पाण्याला उग्र वास येतो, तेव्हा आणखी एक दिवस थांबावे. घाईच असेल तर मासे विकणाऱ्या दुकानात हायपोचे खडे मिळतात. दुकानदार सांगेल तेवढेच घालावेत. बोअरचे पाणी असेल, तर त्यात प्राणवायू कमी असतो. ते एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतावे आणि रात्रभर ठेवावे.

आता दुसरी गोष्ट. गोठा दोन दिवस झाडला नाही, तर सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरतात. तो मुताचा अमोनिया. पेटीतला मासा चोवीस तास आपल्याच गोठ्यात राहतो. त्याच्या अंगातूनही अमोनिया बाहेर पडतो. तो आपल्याला दिसत नाही, पण माशाला विष होतो. हे विष पचवणारे उपयोगी जीवाणू गोट्यांवर आणि गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात. शेतातल्या मातीत असेच जीवाणू खतातल्या अमोनियाचे नायट्रेट करतात. गोटे पावडरीने घासणे म्हणजे विरजणाचा शेवटचा थेंबही धुऊन टाकून दही लावायला बसणे.

म्हणून पाणी आठवड्यातून एकदा बदलावे, तेही चौथा हिस्सा. पेटी ४० लिटरची असेल तर १० लिटर. रबरी नळीने तळाची घाण ओढून पाणी काढावे. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज पिळून घ्यावा, नळाखाली धरू नये. काच नुसत्या कापडाने पुसावी. साबण, सोडा, पावडर यांचे नावही नको. मासे बाहेर काढायचीही गरज नाही, कारण पकडापकडीनेच ते घाबरतात.

नवे पाणी ओतण्यापूर्वी एक हात पेटीत आणि एक बादलीत बुडवून पाहावा. दोन्ही पाणी सारखेच लागले पाहिजे. थंडीत रात्रभर अंगणात राहिलेले पाणी तसेच ओतू नये. मग लोट्याने, हळूहळू, काचेच्या कडेने घालावे. काढलेले पाणी मोरीत सोडू नका. त्यात खत असते. ते तुळशीला किंवा परसातल्या भाजीला घाला.

शेतकऱ्याच्या घरात एक सावधगिरी फार महत्त्वाची. फवारणीची बादली, मग किंवा नळी, कितीही धुतली तरी या कामाला वापरू नये. सायपरमेथ्रिनसारखे औषध अगदी थोडे असले तरी माशांना मारते. मोरचूद कालवलेले भांडे नको, आणि तांब्याच्या घागरीत साठवलेले पाणीही नको. माशांसाठी एक बादली वेगळी ठेवावी, तिच्यावर खूण करावी आणि घरातल्या सगळ्यांना ती दाखवून ठेवावी.

डासांच्या अळ्या खाण्यासाठी ज्यांनी हौदात गप्पी मासे सोडले आहेत, त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. हौद पूर्ण उपसून नळाच्या पाण्याने एकदम भरू नये.

राहिले ताईंचे दोन मासे. त्यांचे विरजण आता पुन्हा लागायचे आहे आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नवे मासे आणू नका. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्या. एक दिवसाआड मुरवलेले पाणी घालून चौथा हिस्सा बदला. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर त्याच दिवशी बदला.

आणि ताई, हे काम मुलाच्या हाती द्या. रात्री बादली भरून ठेवणे त्याचे, दुसऱ्या दिवशी हात बुडवून पाहणेही त्याचे. ज्याने करडू वाढवून विकले, त्याला जित्राबाची काळजी शिकवावी लागणार नाही. चूक कशी झाली तेही त्याला सांगा. आईने आपली चूक मोकळेपणी सांगितली, तर त्याचा राग पेटीतल्या गढूळ पाण्यासारखा आपोआप खाली बसेल.