झाकण उघडून ध्वनी दिसतो का? प्रीअँप, सुटे भाग आणि पुराव्याचा प्रश्न

१/ महागड्या प्रीअँपची परीक्षा आज बहुधा त्याचे झाकण उघडून घेतली जाते. कपॅसिटर कोणत्या कंपनीचे, रेझिस्टर कोणत्या जातीचे, आतील तार चांदीची की तांब्याची, ही यादी वाचूनच निकाल लागतो. माझ्या मते हे कागदाचा पोत आणि शाईचा रंग पाहून जुन्या पत्रातील मजकूर ठरवण्यासारखे आहे. कागद आणि शाई निरर्थक नव्हेत, परंतु पत्र वाचावेच लागते.

२/ या सवयीच्या इतिहासात १९८० हे वर्ष ठळक आहे. त्या वर्षी फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत अमेरिकेतील 'ऑडिओ' मासिकाने वॉल्टर युंग आणि रिचर्ड मार्श यांचा कपॅसिटरच्या निवडीवरील दोन भागांचा लेख छापला. टँटॅलम आणि सिरॅमिक टाळावेत, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीन बरे, असा त्याचा रोख होता. पुढे 'खास ध्वनीसाठी' बनवलेल्या कपॅसिटरचा एक स्वतंत्र बाजारच उभा राहिला.

३/ लेखाचा पाया भक्कम होता, हे मान्य केले पाहिजे. काही सिरॅमिक कपॅसिटरांची धारकता विद्युतदाबानुसार बदलते आणि त्यातून उपजणारी विकृती यंत्रावर स्पष्ट मोजता येते. पण तो भाग मंडलात कोठे बसवला आहे, यावर सारे अवलंबून असते. दोन टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर पुरेसा मोठा घेतला, की त्याच्या दोन टोकांमध्ये संकेताचा दाब जवळजवळ उरतच नाही. मग साधा इलेक्ट्रोलिटिकही तेथे निमूटपणे काम करतो. तोच भाग फिल्टरमध्ये बसवला तर दोषी ठरू शकतो. यादीत भागाचे नाव असते, त्याची जागा नसते.

४/ मग केवळ कानांवर विसंबावे काय? एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून भरवलेल्या 'टोन टेस्ट' आठवाव्यात. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार होई, गाणे चालूच राही, आणि दिवे लागल्यावर गायिका तेथे नाहीच, हे पाहून श्रोते थक्क होत. ॲना केस या गायिकेने पुढे सांगितले, की ती आपला आवाज यंत्राला जुळेल इतका हळू ठेवीत असे! साक्षीदार प्रामाणिक होते, साक्ष मात्र आधीच घडवलेली होती.

५/ म्हणून मला १९८५ चा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. बॉब कार्व्हर या अभियंत्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या समीक्षकांना आव्हान दिले, की माझ्या ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमधून मी तुमच्या आवडत्या, कितीतरी महाग अशा व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा ध्वनी काढून दाखवतो. दोन्हींच्या निर्गत संकेतांची वजाबाकी करीत, उरलेला फरक कमी कमी करीत, त्याने थोड्याच दिवसांत ते साधले. समीक्षकांना दोहोंत फरक सांगता आला नाही आणि त्यांनी ते स्वतः छापले, याबद्दल त्यांना मानलेच पाहिजे. हा पॉवर अँपचा प्रसंग खरा, पण प्रश्न तोच: आतले भाग सर्वस्वी भिन्न, ध्वनी एक.

६/ आणखी एक गोष्ट यादीवाले सहसा बोलत नाहीत. १९८० च्या दशकातील असंख्य ध्वनिमुद्रणे ५५३४ या स्वस्त आयसीच्या अनेक टप्प्यांतून आणि तितक्याच साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांतून गेलेली आहेत. स्टुडिओतील मिक्सिंग टेबले त्यांनीच भरलेली असत. त्याच ध्वनिमुद्रणांवर आपण घरातल्या एकुलत्या एका कपॅसिटरची परीक्षा घेतो.

७/ माझाही अनुभव नोंदवतो. मित्राच्या प्रीअँपमधील जाडजूड, सुंदर कपॅसिटर पाहिल्यावर मला त्याचा स्वर माझ्या जुन्या यंत्रापेक्षा मोकळा वाटला. मग व्होल्टमीटर लावून दोन्हींची पातळी समान केली, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच 'अधिक चांगला' भासतो. मित्र पडद्यामागे बसला आणि नाणे उडवून यंत्रे बदलू लागला. १६ पैकी किमान १२ उत्तरे बरोबर आली तरच फरक मानायचा, असे आधीच ठरले होते.

माझी ९ आली. तो प्रीअँप मला अजूनही हवासा वाटतो, पण त्याचे झाकण आता बंदच असते.