स्त्री-पुरुषांची बुद्धी : निसर्ग किती, संधी किती?

स्त्रिया आणि पुरुष निसर्गतःच वेगळ्या रीतीने विचार करतात, हा दावा नोकरभरतीपासून वारसाहक्कापर्यंत अनेक वादांत पुढे केला जातो. सरासरीचे काही फरक आढळतात, हे खरे. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून ओळखण्यात पुरुष, तर शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रिया सरस ठरल्याचे अनेक देशांतील चाचण्यांत दिसले आहे. वाद आहे तो कारणाबाबत. आणि त्यासंबंधीचा एक महत्त्वाचा पुरावा ईशान्य भारतातून आला आहे.

शिलाँगच्या परिसरात खासी आणि कार्बी हे दोन समाज राहतात. खासींमध्ये मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, कार्बींमध्ये मुलाकडे. मोशे हॉफमन, उरी नीझी आणि जॉन लिस्ट या संशोधकांनी येथील सुमारे १,३०० जणांना चार तुकडे जुळवून चित्र पूर्ण करण्यास सांगितले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्बी स्त्रियांना पुरुषांपेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक वेळ लागला. खासींमध्ये मात्र असा फरक आढळला नाही. या तफावतीचा सुमारे एकतृतीयांश भाग शिक्षणातील अंतराशी निगडित होता. दोनच समाजांच्या तुलनेवरून जगाचा नियम सांगता येत नाही, हे अर्थातच ध्यानात ठेवावयास हवे.

निर्णयक्षमतेबाबतही चित्र असेच आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बादलीत चेंडू टाकण्याचे काम देऊन, ठरलेला मोबदला घेणार की स्पर्धा करणार, असे विचारण्यात आले. खासी स्त्रियांपैकी ५४ टक्के, तर पुरुषांपैकी ३९ टक्के जणांनी स्पर्धा निवडली. टांझानियातील पितृसत्ताक मसाई समाजात हेच प्रमाण स्त्रियांत २६ आणि पुरुषांत ५० टक्के होते. त्यानंतर मुलांची पाहणी झाली. पितृसत्ताक समाजातील मुली लहानपणी मुलांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरत होत्या; अंतर पडले ते वयात येताना. खासी मुलींमध्ये ते पडले नाही. शरीरातील बदल तर दोन्हीकडे सारखेच होतात.

तरीही मातृवंशीय म्हणजे स्त्रीसत्ताक नव्हे. खासी गावाच्या पारंपरिक दरबारात निर्णय पुरुषच घेत आले आहेत.

उतारवयात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे आणि कमी शिक्षण झालेल्यांतही ते अधिक आढळते. आज सत्तरीत असलेल्या स्त्रीचे शाळेचे वय १९६० च्या दशकातले. १९६१ च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता सुमारे ४०, तर स्त्रियांची सुमारे १५ टक्के होती.

अशा स्त्रीची चाचणी घेताना तिला वाक्य लिहावयास सांगितले, तर तपासले जाते ते तिचे शालेय शिक्षण. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षरांसाठी तयार झालेल्या हिंदी चाचणीत वाचन-लेखनाऐवजी ऋतू विचारला जातो आणि समोरच्याची कृती करून दाखवावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत वृद्ध स्त्रियांची तपासणी करावयाची झाल्यास अशाच धर्तीच्या चाचण्या मराठीसह सर्व भारतीय भाषांत तेथे उपलब्ध असावयास हव्यात.