जुन्या वाड्याचे लाकूड: आधी मोजा, मग विका

मैत्रिणींनो, होळी झाली की मृग लागायच्या आत जुनी घरे पाडायची एकच घाई उडते. अचलपूर-परतवाड्यातही तेच. वाटण्या झालेल्या असतात, मातीच्या भिंतींना पोट आलेले असते, धाब्याला गळती लागलेली असते. मग एखादा ठेकेदार ओसरीवर येऊन बसतो आणि म्हणतो, “पाडायचे पैसे नकोत, मलबाही मीच उचलतो. लाकूड तेवढे माझे.” पुरुषमंडळींना सौदा फुकटात पडल्यासारखा वाटतो. आपण त्या वेळी आत चहा टाकत असतो. आणि ज्या दारातून माप ओलांडून आपण या घरात आलो, ते दार संध्याकाळी ट्रॅक्टरवर चढलेले दिसते!

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटले की बाटलीला लोकर गुंडाळून केलेली फुलदाणी डोळ्यांपुढे येते. तीही करावी, पण आपल्या भागातली सर्वांत मोलाची ‘टाकाऊ’ वस्तू म्हणजे जुना साग. आज त्याविषयीच बोलू.

हा साग पुन्हा मिळायचा नाही

अचलपूर म्हणजे पूर्वीचे एलिचपूर, एकेकाळची वऱ्हाडची राजधानी. उशाशी मेळघाटचे सागाचे जंगल आणि हाकेवर परतवाड्याचा लाकूडबाजार. त्यामुळे बेताच्या घरातसुद्धा दारे, खांब, मयाली सागाच्या असत. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. ते जंगल पूर्वीसारखे तोडता येत नाही, आणि तोडूही नये. बाजारात आता लागवडीचा, लवकर तोडलेला सागही पुष्कळ येतो. झाड कोवळे असले की त्यात गाभा कमी आणि बाहेरचे पांढरट लाकूड जास्त. वाळवीला दूर ठेवणारी द्रव्ये असतात ती गाभ्यात. तुमच्या सासऱ्यांच्या वेळचे दार सावकाश वाढलेल्या झाडाचे, शिवाय कित्येक पावसाळे बघून मुरलेले. ते आता सहसा वाकत नाही, आक्रसत नाही.

तामिळनाडूत कारैकुडीला चेट्टियारांच्या मोडलेल्या हवेल्यांतली दारे-खांब विकण्याचा बाजारच आहे. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या फर्निचरसाठी लोक लांबून येतात. शहरातला माणूस जे पैसे मोजून नेतो, ते आपण मलब्यात घालवतो.

सौद्याआधी एक वही करा

सौदा ठरायच्या आधी एक दुपार काढा. जाऊबाईंना सोबत घ्या, मुलांच्या हाती टेप द्या आणि दारे, चौकटी, खांब, मयाली, खिडक्या, फडताळाच्या फळ्या सगळे वहीत उतरवा. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. घनफुटाचा हिशोब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. आठ फुटी, सहा इंच चौरस खांब असेल तर ८ × ६ × ६ म्हणजे २८८. भागिले १४४, बरोबर दोन घनफूट. परतवाड्यात जुन्या सागाचा घनफुटाचा भाव विचारून या आणि बेरीज मांडून वही ह्यांच्यापुढे ठेवा. मग सौदा ‘लाकडासकट’ की ‘लाकूड सोडून’, हे शांतपणे ठरेल.

वाटणीत दाराचे दोन तुकडे करून भांडण मिटवू नका. एकाने दार घ्यावे, दुसऱ्याने तेवढ्याच मोलाचे खांब घ्यावेत. वही असली की हे जमते. ठरलेले कागदावर लिहून घ्या. सागवानाच्या वाहतुकीला वनखात्याचे नियम आहेत. दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा.

पारख

टोकदार आरीने लाकूड टोचून पाहा. भुसभुशीत लागले तर तेवढा भाग कापून टाका. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि खाली पिठासारखी ताजी भुकटी दिसली, तर कीड जिवंत आहे असे समजा. असे लाकूड घरातल्या फर्निचरजवळ ठेवू नका. लाकडासाठीचे कीडनाशक लावून घ्या, नाहीतर सोडून द्या. जमिनीला टेकलेली चौकटीची खालची टोके आणि भिंतीत गाडलेली मयालीची टोके बहुधा खराब असतात. मधला भाग उत्तम निघतो.

दोन झडपांचा दिवाण

आता दाराचे काय करायचे? जुन्या दाराच्या दोन्ही झडपा शेजारी ठेवल्या की साधारण सहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद बैठक होते. आयताच दिवाण! खाली चौकटीच्या लाकडाचे चार पाय आणि आडव्या चार पट्ट्या घ्या. पाय असे धरा की गादीसकट उंची अठरा इंच होईल. दोन झडपांमध्ये एक सूत फट राहू द्या. पावसाळ्यात लाकूड थोडे फुगते. जोड खिळ्यांचे नकोत, नट-बोल्टचे हवेत, म्हणजे घर बदलताना दिवाण सुटा करता येतो. साग तेलकट असतो. म्हणून फेव्हिकॉल लावायचा तिथे आधी स्पिरिटचा बोळा फिरवा, नाहीतर जोड धरत नाही.

सुतारदादांना तोंडी सांगू नका. कागदावर चित्र काढून मापे लिहून द्या. रंधा मारण्यापूर्वी प्रत्येक जुना खिळा काढायला लावा. एका खिळ्याने पाते जाते आणि सुताराचा मूडही! नक्षी असेल त्या बाजूला रंधा नको. कडीकोयंडा चिंचेने घासून जागेवरच राहू द्या.

गादी नवीन कशाला? वऱ्हाडात कापसाला काय तोटा? जुन्या गादीचा कापूस पिंजून घ्या आणि वर जुन्या लुगड्याचे दुहेरी अभ्रे शिवा.

बंगईची हौस असेल तर एक झडप पुरते. पण धाब्याच्या कड्यांना टांगायची ती बंगई स्लॅबला नुसता हूक ठोकून टांगू नका. मिस्त्रीकडून आधार तपासून घ्या किंवा जमिनीवर उभी राहणारी चौकट करा. पोरे बसणार आहेत, दोन नव्हे, चार बसणार आहेत!

रंग काढताना सांभाळा

जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. तुमच्या दारावरचे हात त्याआधीचे असणार. म्हणून कोरडे घासू नका. पाणी लावून पॉलिश पेपरने घासा, अंगणात घासा, मास्क लावा. गरोदर बाई आणि लहान मुले तिथे नकोत. रंग जाळून काढू नका आणि रंगाच्या ढलप्या चुलीत किंवा बंबात घालू नका. रंगाच्या लाकडाचा पाळणा तर मुळीच करू नका.

लाकूड वाळले की लाखेचे पॉलिश सर्वांत सोपे. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडा लाख टाकून झाकणाच्या काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, शेगडीपासून लांब. मलमलीत कापूस गुंडाळून पाच-सहा पातळ हात द्या. गरम कपाने या पॉलिशवर पांढरा डाग पडतो. म्हणून टेबलाला जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समभाग लावा, जास्तीचे पुसून घ्या आणि काही दिवस वाळू द्या. एक गोष्ट विसरू नका. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उरलेल्या तुकड्यांचे

फडताळाच्या फळ्यांतून पंधरा बाय बारा इंचांचे पाट निघतात. गजांच्या खिडकीमागे आरसा लावला की हॉल मोठा दिसतो, किंवा ती बाल्कनीत उभी करून मनीप्लांट चढवा. जुन्या खुंट्या एका पट्टीवर बसवल्या की पिशव्या आणि छत्र्यांची सोय झाली. चौकटीवरची गणेशपट्टी मात्र पायाखाली येईल अशा वस्तूत वापरू नका. ती नव्या दारावर किंवा देव्हाऱ्याच्या वर शोभते.

सगळे ठेवायला नव्या घरात जागा नसते, हे खरे. नको ते जरूर विका, पण मोजून विका, आणि त्या पैशातून सुताराची मजुरी द्या. वाडा पडायचा तो पडतोच. पण त्याचे काय ठेवायचे, हे विचारायला ठेकेदाराआधी कुणी आत यायला हवे. कुणी आले नाही, तर चहाचा ट्रे घेऊन आपणच बाहेर जावे, आणि ट्रेमध्ये कपांशेजारी वही ठेवावी.

पुढच्या आठवड्यात जुन्या लुगड्यांचे पडदे कसे शिवायचे, ते पाहू.