धावपट्टीवरचा घातक ब्रेक

रशियातील यारोस्लाव्हल शहराजवळच्या तुनोश्ना विमानतळावरून ७ सप्टेंबर २०११ रोजी 'लोकोमोटिव्ह' हा आइस हॉकी संघ मोसमातील पहिल्या सामन्यासाठी मिन्स्कला निघाला होता. त्यांचे याक-४२ विमान उड्डाण करताच कोसळले आणि ४५ पैकी ४४ जण मृत्युमुखी पडले. हवामान स्वच्छ होते, धावपट्टी तीन किलोमीटर लांब होती आणि इंजिनांत बिघाड नव्हता. मग विमान उडाले का नाही? नोव्हेंबर २०११ मध्ये चौकशी समितीने दिलेले उत्तर थक्क करणारे होते: विमान धावत असताना दोघा वैमानिकांपैकी एकाचा पाय ब्रेकवर दाबलेला होता.

मोटारीला चाके ढकलतात, विमानाला इंजिने. विमानाची चाके केवळ मुक्तपणे फिरत असतात आणि कोरड्या धावपट्टीवर त्यांचे घर्षण वजनाच्या जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास असते. ब्रेक लागला की हा विरोध कित्येक पटींनी वाढतो. हानीही दुहेरी होते. एक तर वेग वाढण्यास विलंब लागतो आणि धावपट्टी अपुरी पडते. दुसरी हानी अधिक घातक असते. ब्रेकचे बल जमिनीलगत, म्हणजे गुरुत्वमध्याच्या खाली कार्य करते आणि विमानाचे नाक खाली दाबते. त्यामुळे पुरेसा वेग असूनही नाक उचलले जात नाही. यारोस्लाव्हलमध्ये नेमके हेच घडले. विमान धावपट्टी ओलांडून सुमारे ४०० मीटर धावत गेले, जमीन सुटताच त्याचे नाक एकदम वर फेकले गेले आणि ते एका अँटेनावर आदळून कोसळले.

चाकांना होणारा विरोध प्राणघातक ठरण्याची ही पहिली वेळ नव्हती. म्युनिकमध्ये ६ फेब्रुवारी १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल संघ असलेले विमान धावपट्टीवरील वितळत्या बर्फाच्या चिखलामुळे वेग गमावून बसले. त्यात २३ जणांचा बळी गेला. पंखांवरील बर्फाचा ठपका ठेवण्यात आलेले कप्तान जेम्स थेन यांना निर्दोष ठरण्यासाठी १९६९ साल उजाडावे लागले.

यारोस्लाव्हलचा दोष मात्र निसर्गाचा नव्हता. दोन्ही वैमानिकांचा अनुभव प्रामुख्याने याक-४० या विमानाचा होता. त्या विमानात पाय पेडलवर ठेवण्याची पद्धत निराळी आहे आणि तीच सवय याक-४२ मध्ये अनवधानाने ब्रेक दाबणारी ठरली. सहवैमानिकाच्या रक्तात फेनोबार्बिटल हे उड्डाणास वर्ज्य असलेले औषधही आढळले. मुख्य म्हणजे नव्या विमानाचे प्रशिक्षण दोघांनीही नियमानुसार पूर्ण केलेले नव्हते. कंपनीच्या एका अधिकाऱ्याला २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, पण सार्वत्रिक माफीमुळे ती भोगावी लागली नाही.

'मानवी चूक' असा शिक्का मारून अशा प्रकरणांची फाइल बंद करणे सोपे असते. परंतु पाय चुकीच्या जागी पडला तो क्षणभराच्या दुर्लक्षाने नव्हे. जुनी सवय मोडण्यासाठी लागणारे तास कागदावरच भरले गेले होते. एका विमानावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वैमानिकाच्या प्रशिक्षणात काटकसर करणाऱ्या प्रत्येक कंपनीने आणि ती काटकसर खपवून घेणाऱ्या प्रत्येक नियामकाने हे लक्षात ठेवलेले बरे.