‘फुकट’ जर्मनीचा हिशेब

सिंदी रेल्वेतून नागपूर-वर्ध्याला कॉलेजला जाणाऱ्या पोरांना जर्मनी खुणावते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरे. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो, म्हणजे 12 लाखांहून अधिक, आधी खात्यात भरावे लागतात. दरमहा 992 युरो विद्यार्थ्यालाच परत मिळतात. पण आधी उभे कोण करणार? अल्पसंख्याकांना कर्जाच्या व्याजात सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद आहे. बापाने वावर गहाण टाकण्याआधी एजंटाला नव्हे, तिथे शिकणाऱ्या पोराला विचारावे.

रमजानच्या जकातीवर गरजू विद्यार्थ्याचाही हक्क आहे. एखाद्याच्या कागदपत्र तपासणीचे, म्हणजे एपीएसचे, 18,000 रुपये त्यातून भरता येतील. सदक्याला तर धर्माचीही अट नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलीची फीही त्यातून निघेल.